मामांची लांब पल्ल्याची गाडी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून असा एकही फाटा, पूल किंवा एस.टी.चा थांबा नसेल, जिथं माझे मामेसासरे मोटरसायकलशेजारी उकिडवे बसलेले लोकांनी पाहिलेले नाहीत. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. कन्हेरीला त्यांचं घर. पाण्याखालची जमीन, ऊस, घरामागं पेरूची बाग, दारात ट्रॅक्टर. देवानं माणसाला द्यावं ते सगळं त्यांना दिलं आणि त्यांनी ते सगळं मुलाच्या हवाली करून आपला जीव एका जुन्या, जड, काळ्या मोटरसायकलीत ठेवला. ट्रॅक्टरला वर्षानुवर्षं पाणी लागायचं नाही, पण गाडीच्या आऱ्या रोज सकाळी पुसल्या जायच्या, आणि त्याही मामींच्या मऊ सुती लुगड्यांनीच. लुगडं जुनं होईपर्यंत थांबायची मामांची तयारी नसे. मामी दोरीवर लुगडं वाळत घालताना आधी पडवीकडं बघायच्या, मामा कुठं आहेत ते.

ही गाडी त्यांनी तरुणपणी पुण्यातल्या एका निवृत्त फौजी माणसाकडून घेतली. तो गृहस्थ तिच्यावरून हिमालय हिंडून आला होता, आणि मामांनी ही गोष्ट इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितली होती, की ऐकणाऱ्याला हळूहळू वाटू लागे, मामाच हिमालय बघून आले आहेत. वास्तविक मामांच्या ताब्यात आल्यापासून गाडीनं इंदापूरच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं. याचं कारण विचारलं तर मामा जराही न ओशाळता म्हणायचे, “लांब पल्ल्याची गाडी हाय ही. जवळच्या रस्त्यावर हिचं मन रमत न्हाय, म्हनून बंद पडती.” पण मन रमण्यासाठी लांब जावं लागतं आणि लांब जायला आधी जवळचा रस्ता ओलांडावा लागतो, ही अडचण त्यांच्या लक्षातच येत नसे.

तरी दर दिवाळीनंतर ते कन्याकुमारीला निघायचेच. त्यासाठी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना त्यांनी लोखंडी पेट्या बसवून घेतल्या होत्या. त्यात पाने, प्लग, ट्यूब, केबली, ऑइलचा डबा आणि साखळीचा एक तुकडा एवढं सगळं बसायचं आणि कपड्यांना जागा उरायची नाही. मग मामा दोन सदरे एकावर एक घालून निघत. मामी ओवाळायच्या, शेजारपाजारचे लोक जमायचे, कुणी तरी नारळ फोडायचा. एकदा तर हारसुद्धा घातला. त्या संध्याकाळी मामा उसाच्या वाढ्यानं, म्हणजे शेंड्यांच्या चाऱ्यानं, भरलेल्या टेंपोत, वाढ्यावर आडव्या निजवलेल्या गाडीला हातानं धरून, हार तसाच गळ्यात ठेवून घरी परत आले. चेहऱ्यावर हार खाल्ल्याची खूण नाही. उतरता उतरता मामींना म्हणाले, “निम्मी बिघाडं कळली. आता फकस्त कार्बोरेटर राह्यलाय.” त्यांना गाडीचा राग आलेला मी कधी पाहिला नाही. बंद पडली की ते तिच्याकडं असे बघत, जसं आपण बोलता बोलता गप्प झालेल्या माणसाकडं बघतो. थोडा वेळ द्यायचा, आपोआप बोलेल.

आणि या वेळ देण्यातच त्यांनी जेवढी माणसं जोडली, तेवढी दहा निवडणुका लढवणाऱ्यालाही जोडता आली नसती. जिथं गाडी बंद पडेल तिथं कुणाकडं तरी पाणी मागायचं, पाण्यावरून चहा, चहावरून गाव कुठलं, पाहुणे कुठले, आणि गाडी सुरू होईपर्यंत नातं निघालेलं असे. गावोगावच्या लग्नपत्रिका त्यांना येत. कोण कुठला म्हणून मामींनी विचारलं तर मामा म्हणत, “त्यो न्हाय का, चेन तुटलेला.” कुणी चेन तुटलेला, कुणी प्लग जळालेला, कुणी पंक्चरवाला. मामांच्या आयुष्यातली निम्मी माणसं अशी बिघाडाच्या नावानं ओळखली जात.

मी स्वतः क्लच केबल तुटलेला. आमचं घर डाळजला, हमरस्त्याला लागून. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. एका दुपारी घामानं निथळलेला एक माणूस गाडी ढकलत आमच्या दारात आला. त्याच्या पेट्यांत जगातल्या सगळ्या केबली होत्या, फक्त क्लचची नव्हती. केबल बारामतीहून येईपर्यंत वडिलांनी त्यांना ठेवून घेतलं. हाताला काम नसलं की मामांना करमत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या विहिरीवरची चांगली चालणारी मोटर खोलली आणि बारके नट आणि वायसर माझ्या ओंजळीत देऊन म्हणाले, “हलू नगंस.” तेवढ्यात आईनं त्यांना चहाला हाक मारली. चहाबरोबर पोहे आले, पोह्यांबरोबर वडिलांच्या गप्पा आल्या, आणि मी विहिरीवर ओंजळ धरून तसाच उभा. मामा परत आले, माझ्याकडं बघितलं आणि ओंजळीतला एकेक नट उचलून मोटर जोडायला बसले. त्या आठवड्यातच कऱ्हाटीला आपल्या बहिणीकडं जाऊन त्यांनी भाचीसाठी माझं स्थळ सुचवलं. शिक्षण, पगार, जमीन, यातलं काही त्यांनी सांगितलं नाही म्हणे. एवढंच म्हणाले, “पोरगं सांगितल्या जागंवर उभं राहतंय.” आमच्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली, पण भाजी आणायला पाठवताना माझी बायको अजूनही या शिफारशीची आठवण काढते.

दोनेक वर्षांपूर्वी मामांचा उजवा गुडघा गेला. बारामतीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी सांगितलं की चाला, हिंडा, काही महिन्यांनी गाडीसुद्धा चालवा, पण या पायानं किक मारायची नाही, पुन्हा कधीच नाही. मामांच्या गाडीला बटण नव्हतं. तिला किकेशिवाय जगातली कुठलीही भाषा कळत नव्हती. मुलानं चौकशी केली, तर मेस्तरी म्हणाला की या जुन्या इंजिनाला बटणाचं सामान बसत नाही. मग मुलानं वडिलांना विजेवरची स्कूटर घ्यायचं सुचवलं. मामा नुसतं “बघू” म्हणाले.

त्यानंतर त्यांनी गाडी पुसणं बंद केलं. ते पडवीतून उठून आतल्या खोलीत खुर्चीवर बसू लागले. एक दिवस मामींचा मला फोन आला. मामी कधी स्वतःहून फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरूनच उचलला. त्या म्हणाल्या, “पाव्हणं, हे दिवसभर टी.व्ही. बघत्यात. आवाज बंद करून बघत्यात.”

आम्ही नवराबायको रविवारी कन्हेरीला गेलो, तर तिथं पुण्याहून आलेला एक तरुण बसलेला. जुन्या गाड्यांची हौस असलेला, नम्र, चांगला मुलगा. मामांनीच त्याला बोलावलं होतं. स्वतःच्या मुलाशी नाही, मामींशी नाही, कुणाशी न बोलता फोनवरच त्यांनी गाडी विकायचा शब्द दिला होता. गाडी अंगणात काढली होती. तो तरुण भोवती फिरून तिला बघत होता, आणि त्याच्या बघण्यात एवढा आदर होता, की त्याच्यावर रागही धरता येईना. एवढंच म्हणाला, की एकदा आवाज ऐकायचाय.

मामांच्या मुलानं किक मारली. गाडीनं हूं की चूं केलं नाही. मग मी मारली, तर किक उलटी आली आणि नडगीवर असा फटका बसला की मी जोत्यावर जाऊन बसलो. पाहुण्यानं मारून बघितली; त्याची गाडी बटणाची, त्यामुळं त्याचा पाय नुसताच घसरत होता. मामा दाराशी खुर्चीवर बसून जमिनीकडं बघत होते. एरवी एवढ्यात त्यांनी तिघांनाही बाजूला केलं असतं.

मामी भाकऱ्या थापायच्या थांबून बाहेर आल्या. हात पुसले, पदर खोचला, आणि मामांना विचारलं, “मी मारू?”

मामांनी मान वर केली. मामी त्या गाडीवर क्वचितच बसल्या होत्या. तिच्याबद्दल त्या बोलायच्या त्याही लुगड्यांच्या हिशेबापुरत्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मामा थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिले. मग काठी टेकत उठले, गाडीपाशी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोला गाडी शिकवू लागले.

“डाव्या हातानं ती बारकी दांडी दाब. आता पाय हळू दाबत ने. दिव्यावरच्या घड्याळातला काटा मधी येऊ दे. आला? आता दांडी सोड. पाय वर घे. भ्यायचं न्हाय, अर्ध्यात सोडायचं न्हाय.”

“अर्ध्यात काय सोडलंय आजवर,” मामी म्हणाल्या आणि किक मारली.

पहिली फुकट गेली. दुसरीला गाडी खोकली. मामांनी चोक थोडा ओढला, आणि तिसऱ्या किकेला ती अशी धडधडत सुरू झाली, की पेरूच्या बागेतले पोपट एकदम उडाले. मामी दोन्ही हातांनी हँडल धरून उभ्या होत्या, कपाळावर घाम, गालाला पीठ. मामांनी टाकीवर हात ठेवला होता आणि ते मामींकडं बघत होते.

शेवटी मामींनीच, मामांनी दाखवल्यावर, गाडी बंद केली. मग पाहुण्याला म्हणाल्या, “दादा, जेवून जा. पर गाडी न्हाय मिळायची.”

मामा गडबडले. “अगं, शब्द दिलाय मी.”

“तुमी दिलाय. मला कुठं इचारलंय?” मामी म्हणाल्या. मग जरा हळू, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं बोलल्या, “गाडी बंद पडली तर हे चार मानसांत जात्यात. गाडी गेली तर हेच बंद पडत्याल. मग त्यांना कुनी किक मारायची?”

पुण्याचा मुलगा खरंच चांगला होता. तो हसला, पोटभर जेवला, जाताना गाडीचा एक फोटो काढून घेतला आणि काही सामान लागलं तर मला सांगा म्हणाला. मामांच्या मनात तो आता किकवाला म्हणून कायमचा जमा झाला आहे.

तेव्हापासून नवी व्यवस्था सुरू झाली. मामा गाडी चालवतात, पण ती कुठंही बंद पडणार, आणि पडली की किक मारायला मामी हव्यात. तेव्हा मामा जातील तिथं मामींना जावंच लागतं. बारामतीच्या बाजारापलीकडं फारशा न गेलेल्या मामी आता हेल्मेट घालतात आणि हेल्मेटवरून पदर घेतात. डाव्या पेटीतलं सामान काढून त्यांनी तिथं भाकरी, चटणी, चहाचा थर्मास आणि पातळ शाल ठेवली. मामांनी तक्रार केली, की चेनचा तुकडा कुठं ठेवायचा. मामी म्हणाल्या, खिशात ठेवा. रस्त्यात गाडी थांबली की आता आधी भाकरी सुटते, मग गाडी खोलली जाते, आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणं त्यामुळं बिघाड लवकर सापडतो.

या हिवाळ्यात दोघं भिगवणच्या बाजूला पाण्यावरचे रोहित पक्षी बघायला आले. इतकी वर्षं इतक्या जवळ राहून मामींनी ते पाहिले नव्हते. वाटेत आमच्याकडं चहा झाला आणि आम्हीही बरोबर निघालो. मामींनी नावेत बसायला साफ नकार दिला. काठावर शाल पसरून बसल्या. ऊन कोवळं होतं, पाणी लांबवर पसरलेलं, आणि त्यात ते गुलाबी पाय रोवून उभे असलेले पक्षी. मामींनी बोटानं ते मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. मग त्यांनी विचारलं, हे एवढे कुठून येतात. मी सांगितलं, लोक म्हणतात कच्छवरून.

“गाडीनं किती लांब पडंल?” मामींनी मामांना विचारलं.

मामांनी उजवा गुडघा चोळला. त्यांचे केस पार पांढरे झालेत, पाय दुमडून त्यांना आता बसता येत नाही, त्या दिवशीही ते एका दगडावर पाय लांब करून बसले होते. मला वाटलं, ते आता वयाचं काही तरी बोलतील. पण ते पक्ष्यांकडं बघत म्हणाले, “आधी क्लच प्लेटा बदलू. मग निघू.”

“दिवाळी झाल्याव?”

“व्हय. दिवाळी झाल्याव.”

एक थवा उडाला. पंखांखालचा तांबडा रंग उन्हात उघडला आणि मामी हात कपाळाशी धरून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या.

ते दोघं कच्छला पोचतील की नाही, मला ठाऊक नाही. गाडीचं वय मोठं, त्या दोघांचं त्याहून मोठं, आणि रस्ता तर सगळ्यांत मोठा. संध्याकाळी आमच्या दारात मामींच्या पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली आणि दोघं कन्हेरीच्या वाटेला लागले. आम्ही फाटकाशी उभं राहून हात केला. घरात आल्यावर मी बायकोला म्हणालो, म्हातारपणी माणसं उगाच काही तरी ठरवतात, नाही का. ती कपाट उघडून उभी होती. म्हणाली, “मामी माझा लोकरीचा स्वेटर मागून घेऊन गेल्या. म्हणाल्या, तिकडं थंडी असंल.”

स्वेटर अजून परत आलेला नाही. बायकोनं तो मागितलेलाही नाही.