लेक मांडीवर घेऊन दिल्लीला

मोरीत पाय घसरून आईच्या खुब्याचं हाड मोडलं, त्या दिवशी केंद्रावर कापसाच्या बैलबंड्यांची रांग पार हायवेला लागली होती. शेजारच्या वहिनींनी ऑफिसात फोन केला. मी घरी पोचलो तेव्हा आई मोरीच्या उंबऱ्याला टेकून बसली होती आणि माझी एकोणीस महिन्यांची मुलगी तिच्या पदराशी खेळत होती. आई मला बघून म्हणाली, "पोरीनं सकाळपासून काही खाल्लं नाही." स्वतःच्या पायाबद्दल ती नंतर बोलली.

मी तेव्हा पांढरकवड्याला कापूस संकलन केंद्रावर ग्रेडर होतो. शेतकऱ्याच्या बंडीत हात खुपसायचा, आतला कापूस काढायचा, बोटांनी ओढून धागा बघायचा, ओलावा बघायचा, कवडी, म्हणजे किडका-पिवळा कापूस, किती ते बघायचं आणि एक ग्रेड सांगायची. माझ्या त्या एका शब्दावर माणसाचं वर्ष बसायचं किंवा उठायचं. त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोज पेपरात यायच्या आणि त्या आम्हाला पेपरात वाचाव्या लागत नव्हत्या. संध्याकाळी घरी आलो की मला कोणाशी बोलावंसं वाटत नसे. मुलगी अंगावर यायची, मी तिला घेऊन नुसता बसायचो.

तिची आई दिल्लीत होती. नर्सिंग झालेलं, चार वर्षं परीक्षा देत होती, शेवटी तिथल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात लागली. मुलगी चौदा महिन्यांची असताना ती गेली. नोकरी नवीन, पहिलं वर्ष सुट्टीचं नाव काढायचं नाही. जाऊ नको असं मी म्हटलं नव्हतं. केंद्र किती दिवस चालेल याचा भरवसा आम्हा कोणालाच राहिला नव्हता.

आईला माझी बहीण अमरावतीला घेऊन गेली. पुढचे चार दिवस मी मुलीला केंद्रावर नेलं. ग्रेड करताना तिला काखेत धरायचो, हात भरून आला की कापसाच्या गंजीवर ठेवायचो. तिच्या केसांत, नाकात कापूस. शिंका देऊन देऊन डोळे लाल. वेचलेला कापूस पसरवणाऱ्या एका बाईनं तिला दोन दिवस सांभाळलं, तिसऱ्या दिवशी स्पष्ट बोलली. "साहेब, लेकरू आजारी पडन. हे काही लेकरू ठेवाची जागा आहे का?"

त्या दिवशी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "घेऊन या तिले."

"तू डूटीवर. ठेवशील कुठं?"

"माझ्यासंगं एक केरळची सिस्टर राह्यते. तिची रात्रपाळी असन तवा माझी दिवसपाळी मागून घेईन. तुम्ही आणा तर खरं."

साहेबांनी तीन दिवस दिले, चौथ्या दिवशी सकाळी केंद्राच्या वजनकाट्यावर हजर पाहिजे. रेल्वेनं जाऊन येऊन ते जमत नव्हतं. बायकोनं तिकडूनच विमानाची तिकिटं काढली. दोन वर्षांखालच्या लेकराला वेगळी खुर्ची नसते, ते मांडीवर न्यायचं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरात तोवर कोणी विमानात बसलं नव्हतं.

पहाटेची एसटी धरली. एका खांद्याला बॅग, दुसऱ्यावर मुलगी. थर्मासात गरम पाणी, दोन बाटल्या दूध, बिस्किटं, लंगोट, आणि आईनं अमरावतीहून फोनवर सांगितलेला ओवा, फडक्यात बांधून. हिंगणघाटपर्यंत मुलगी झोपली, त्यानंतर एक क्षण नाही. नागपूरच्या अलीकडे वर्धा रोडवर विमानतळाच्या फाट्याशी मी उतरतो म्हटलं तर कंडक्टरनं माझ्याकडं, बॅगेकडं, मुलीकडं बघितलं. "इथं उतरून पायी कोणी जात नाई विमानाले," तो म्हणाला, पण गाडी थांबवली. मी पायीच गेलो. मुलगी रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला "गाई, गाई" म्हणत होती. गाडीलाही गाई आणि गाईलाही गाई.

तपासणीच्या ठिकाणी पोलिसानं माझ्या स्वेटरच्या खिशात हात घातला आणि सरकीसकट कापसाची मूठ बाहेर काढली. मला पत्ताच नव्हता. दिवसभर नमुने बघायचे आणि नकळत खिशात कोंबायचे, ही सवय.

"ये क्या है?"

"कपास."

"क्यों ले जा रहे हो?"

त्यानं दुसऱ्या पोलिसाला दाखवलं, दोघांनी ती मूठ उलटीपालटी केली, सरकी दाबून बघितली. मागं रांग थांबलेली. मुलगी दोन्ही हात पुढं करून "दे, दे" करायला लागली. शेवटी त्यानं ती मूठ टोपलीत टाकली आणि दुधाची बाटली उचलून म्हणाला, "पीके दिखाओ." मी बुचातून एक घोट प्यालो. दूध कोमट होतं, अजून चांगलं होतं.

दुपारी एकचं विमान. दिल्लीत धुकं म्हणून तीनला, मग साडेचारला. त्या साडेतीन तासांत ती बसली नाही. चालायला लागून तिला पाच-सहा महिने झाले होते आणि एवढी गुळगुळीत फरशी तिनं जन्मात बघितली नव्हती. ती पळायची, मी वाकून मागं. लोकांच्या बॅगा ओढायची, मी माफी मागायचो. पहाटेपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. एकदा मी खाली फरशीवरच बसलो आणि तिला म्हटलं, जा, कुठं जायचं तिथं जा. ती खरंच गेली आणि एका म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

काळा बुरखा, पायात जाड मोजे, हातात तसबीह, त्यांची जपमाळ. यवतमाळच्या होत्या. यजमानांचं तिथं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं, ते गेल्यावर धाकट्या मुलाकडं दिल्लीला चालल्या होत्या, मोठा मुलगा सोबत होता. त्यांनी मुलीला सरळ मांडीवर घेतलं, नाक पुसलं आणि मला विचारलं, "बापू, माय कुठं आहे हिची?"

"दिल्लीले आहे. नोकरीवर. तिच्याकडंच घेऊन जाऊन राह्यलो."

"अच्छा." त्यांनी श्वास सोडला. "मी तं दुसरंच समजली होती. एकटा बाप लेकरू घेऊन फिरते म्हटल्यावर..."

हिची आई मेली असं त्यांना वाटलं होतं. मला राग आला नाही. एसटीतही दोघी बायांनी अशाच नजरेनं बघितलं होतं. मग त्या म्हणाल्या, "विमान वर जाते तवा आन् खाली येते तवा लेकरायचे कान दुखते. त्या टायमाले काही तरी चोखाले देजो. दूध राखून ठेवजो." त्यांनी मला मुलाच्या डब्यातली एक रोटी आणि भाजी दिली. मी उभ्या उभ्या खाल्ली. तेवढा वेळ मुलगी त्यांच्या तसबीहचे मणी ओढत होती आणि त्या एकेक मणी तिच्या बोटांतून सोडवून घेत होत्या.

विमानात माझी खुर्ची मधली. खिडकीशी एक पन्नाशीचे गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, समोर पेपर. हवाई सुंदरीनं माझ्या पट्ट्यात एक छोटा पट्टा अडकवला आणि तो मुलीच्या पोटाभोवती बांधला. तिला ते अजिबात पटलं नाही. ती कमान करून ओरडायला लागली. विमान पळायला लागलं तशी मी बाटली तोंडात दिली. तिनं उरलेली निम्मी बाटली घटाघट संपवली, वर गेल्यावर एक ढेकर दिला आणि सगळं दूध बाहेर आलं. माझ्या स्वेटरवर, पट्ट्यावर, आणि शेजाऱ्यांच्या बाहीवर.

"देखके नहीं बैठ सकते क्या?" ते म्हणाले.

मी माझ्या रुमालानं त्यांची बाही पुसली. रुमालाला कापसाचे तंतू होते, ते बाहीला चिकटले. त्यांनी ते चिमटीनं काढले आणि विचारलं, "कहाँ से हो?"

"यवतमाल जिला."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "ओह. वही यवतमाल," असं म्हणून त्यांनी पेपर घडी करून ठेवला. पाणी हवंय का विचारलं. मुलीला खिडकीशी घ्या म्हणाले, स्वतः उठून जागा दिली. मघाचं चिडणं मला चाललं होतं, लेकरू अंगावर ओकलं तर कोणीही चिडेल. ही दया सोसवत नव्हती. मी शेतकरी नाही, नोकरदार आहे, असं सांगावंसं वाटलं, आणि तसं सांगावंसं वाटलं याचीच लाज वाटली. मी मुलीला घेऊन खिडकीशी सरकलो.

खाली रानं दिसत होती, तपकिरी, लहान लहान तुकड्यांची. आमच्याकडची नव्हती, आपण किती पुढं आलो ते मला कळत नव्हतं. तरी मी सवयीनं कापसाची पऱ्हाटी कुठं आहे ते शोधत होतो. मुलीनं काचेवर हात मारला, "गाई" म्हणाली, आणि माझ्या छातीवर तोंड खुपसून झोपली. माझा एक हात तिच्या खाली दबला होता. तो बधिर झाला तरी मी हलवला नाही. तिच्या डोक्याला दुधाचा आंबूस वास येत होता. मला वाटतं ती पाऊण तास झोपली असेल. त्या हंगामात मी एवढा वेळ सलग कुठंच बसलो नव्हतो.

उतरायला सुरुवात झाली तशी ती किंचाळत उठली. दोन्ही हात कानावर. मी दुसरी बाटली काढली, बूच उघडलं तर दूध नासलेलं. पहाटेचं दूध, दिवस संपत आलेला. हवाई सुंदरीला हाक मारली तर ती लांबूनच "सीट पे रहिए" म्हणाली, तिला स्वतःला पट्टा बांधून बसायचं होतं. बिस्किट दिलं, तिनं भिरकावलं. चार ओळी मागून त्या यवतमाळच्या बाईंचा आवाज आला, "बोट दे, बापू, बोट दे तोंडात."

मी करंगळी दिली. माझी बोटं कापसानं चिरलेली, कातडं खरखरीत. ती दोनदा चोखून थांबली, पुन्हा रडली, पुन्हा चोखायला लागली. सगळे दात लावून. चाकं जमिनीला लागेपर्यंत मी ते बोट काढलं नाही.

बायको बाहेर कठड्याला धरून उभी होती. ड्यूटीवरून तशीच आलेली, पांढऱ्या साडीवर जाड स्वेटर. बारीक झाली होती. मी मुलीला म्हटलं, "पाह्य, कोण आहे? मम्मी." मुलीनं तिच्याकडं नीट बघितलं, बराच वेळ, आणि माझ्या मानेत तोंड लपवलं. बायकोनं हात पुढं केले तशी तिनं माझी कॉलर आणखी घट्ट पकडली.

"राहू द्या," बायको म्हणाली. "ओढू नका तिले."

तिनं माझी बॅग घेतली. रिक्षात ती कोपऱ्यात अंग चोरून बसली, मुलीला स्पर्श होऊ नये म्हणून. सगळ्या रस्त्यानं माझ्याशी आईच्या खुब्याबद्दल बोलत राहिली, कोणतं प्लास्टर, कोणता डॉक्टर. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसं. मी उत्तरं देत होतो. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "केस केवढे वाढले तिचे."

दुसऱ्या दिवशी बायकोची आठवड्याची सुट्टी होती. ती सकाळपासून खोलीत जमिनीवर बसून होती. मुलीला बोलावत नव्हती. कणीक मळली, एक गोळा बाजूला ठेवला आणि स्वतःच त्याची चिमणी करत बसली. मुलगी माझ्या पायामागून बघत होती. दुपारपर्यंत ती एक हात अंतरावर आली. चारच्या सुमारास तिनं कणकेचा गोळा उचलून तोंडात घातला आणि बायकोनं बोट घालून तो काढला, तेव्हा ती रडली नाही. थोड्या वेळानं मी बघितलं तर मुलगी तिच्या मांडीवर होती आणि बायको हलत नव्हती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण हात जागचे हलत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझं परतीचं विमान. "झोपली आहे तवरच निघा," बायको म्हणाली. मला ते पटलं नव्हतं, उठल्यावर सांगून जाऊ म्हणत होतो. पण उठल्यावर ती पुन्हा माझ्या गळ्यात पडली असती आणि दोन दिवसांचं सगळं पाण्यात गेलं असतं. मी बूट हातात घेऊन जिना उतरलो. उठल्यावर ती दारापाशी जाऊन "पापा, पापा" करत किती वेळ उभी होती, ते बायकोनं मला पुढं दोन वर्षांनी सांगितलं, तिची नागपूरला बदली झाल्यावर.

परतीच्या विमानात मी पट्टा बांधला तेवढं आठवतं. नागपूर आल्यावर हवाई सुंदरीनं खांद्याला हात लावून उठवलं.

चौथ्या दिवशी सकाळी काट्यावर होतो. रांग तशीच. पहिल्या बंडीवर एक ओळखीचा म्हातारा बसला होता, तीन दिवसांपासून तिथंच मुक्कामाला. मी कापसात हात घातला तसं त्यानं विचारलं, "कुठं गेलते साहेब?"

"दिल्लीले."

"कायले?"

"पोरगी सोडाले."

"लग्न झालं पोरीचं? एवढ्या वयाचे तं दिसत नाई तुम्ही."

"नाई. एकोणीस महिन्यांची आहे. तिच्या मायजवळ सोडून आलो."

"मंग घरी आता कोणी नाई," तो म्हणाला. मी मान हलवून "हाव" म्हटलं. कापूस चांगला होता, धागा लांब, ओलावा नव्हता. वरची ग्रेड सांगितली आणि पुढच्या बंडीकडं गेलो.