जंगलातून माणसं परत आणणारे वामनराव

श्री. वामनराव लोणकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कचरा निवडताना. जपानमध्ये कोतोतल्या एका सभागृहात आमचा गणपती होता. जेवणं उरकली होती आणि प्लास्टिक, कागद, उष्टं सगळं एकाच पिशवीत कोंबून पळ काढायच्या बेतात आम्ही होतो. तेवढ्यात खाकी शर्टातले एक उंच गृहस्थ पुढे आले, त्यांनी पिशवी जमिनीवर उपडी केली आणि म्हणाले, "बसा सगळे. आता निवडू." पुण्याहून नुकत्याच आलेल्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्या कुटुंबांना ते इमारतीचे सेक्रेटरी वाटले. आफ्रिकेत शिकाऱ्यांचे गाइड म्हणून काम करतात हे कळल्यावर माझ्या नवऱ्याने हळूच विचारलं, "म्हणजे खरी बंदूक?"

खरीच. वामनरावांचा जन्म टांझानियातल्या आरुशाचा. वडील तिथे शाळेत गणित शिकवत. मुलाला मात्र गणितापेक्षा जनावराचा माग काढण्यात गोडी. पुढे हारुकोकाकूंशी लग्न होऊन त्यांनी योकोहामात बिऱ्हाड केलं. तेव्हापासून शिकारीच्या हंगामात टांझानियात तळ आणि पावसाळ्यात तिकडची जंगलं बंद झाली की इकडे ऑफिस, असं त्यांचं वर्ष चालतं. मला जपानी पत्रव्यवहार जमतो हे कळल्यावर त्यांनी मला बाइतो म्हणून, म्हणजे काही तासांच्या कामावर घेतलं. काम काय, असं विचारलं तर म्हणाले, "मी लोकांना जंगलात नेतो आणि परत आणतो. नेणं सोपं आहे."

आज त्यांची पंचाहत्तरी आपण साजरी करतो आहोत आणि याच वर्षी त्यांनी बंदूक खाली ठेवली आहे. त्यांची जागा त्यांची कन्या माया हिने घेतली. 'डोळ्यांनी दगा दिला', 'मुलीने बाजूला केलं', असं बरंच काही आपल्या मंडळींत बोललं जातं. तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून हा लेख माझ्याकडे आला असावा.

आधी त्यांच्या धंद्याविषयी. शिकारीचे परवाने, बंदुका नेण्याची परवानगी, तळावरच्या माणसांचे पगार, गावात मांस पोचवण्याची व्यवस्था हे सगळं ऑफिसातून होतं, पण गिऱ्हाईक निवडण्याचं काम वामनराव ऑफिसात बसून करत नाहीत. ते येणाऱ्याला योकोहामातल्या यामातेच्या चढावर फिरायला नेतात. वर पोचेपर्यंत माणसाला किती धाप लागते, तो सिग्नलला थांबतो की धावतो आणि मध्येच 'जरा बसू या' म्हणायची त्याला लाज वाटते का, एवढं पाहतात. लाज वाटणाऱ्याला ते घेत नाहीत. "हा तिकडे दमला तरी मला सांगणार नाही," म्हणतात. एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांना त्यांनी चढ संपल्यावर उत्तम कॉफी पाजून स्टेशनवर सोडलं होतं. अध्यक्ष अजून नववर्षाचं कार्ड पाठवतात.

मला स्वतःला शिकार आवडत नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. त्यांनी एकदाही वाद घातला नाही. "नका आवडून घेऊ. पत्रं तेवढी चोख लिहा," म्हणाले.

दुभाषी म्हणून मी पहिल्यांदा तळावर गेले तेव्हा बरोबर गिऱ्हाईक म्हणून जपानमधल्या चिबाचे मुराता-सान होते. निवृत्त दंतवैद्य, अतिशय नेमस्त माणूस. त्यांच्या पहिल्याच गोळीने रानरेडा कोसळला. अशा वेळी पडलेल्या रेड्यावरून नजर हलवायची नाही, लगेच दुसरी गोळी भरायची, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलेलं. पण जपानमध्ये प्रत्येक काडतुसाचा हिशेब पोलिसांना द्यावा लागतो. मुराता-सान जन्मभराच्या सवयीने खाली वाकले आणि उडालेली रिकामी पुंगळी गवतात शोधू लागले. तिकडे रेडा उठत होता. वामनराव शांतपणे त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी गोळी झाडली. रेडा पडला, तो मग हललाच नाही.

मला वाटलं, आता मुराता-सानांची खरडपट्टी निघणार. पण वामनरावांनी रेड्याची पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि माग काढणाऱ्या जुमासकट सगळ्यांना हाक मारली, "चला, पुंगळी शोधू." आम्ही सगळे गुडघ्यांवर! ती सापडल्यावर वामनरावांनी ती दोन्ही हातांनी, व्हिजिटिंग कार्ड द्यावं तशी मुराता-सानांना दिली. चूक काय झाली ते दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी एकट्याला बाजूला नेऊन सांगितलं.

माझी आई पुण्यात आजारी पडली ती ऐन हंगामात. "तुम्ही जा," म्हणून त्यांनी मला हाकललंच म्हणा ना. मी नसताना सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः तळावरून मेल लिहिल्या, सोप्या जपानी अक्षरांत, पहिलीतल्या मुलासारख्या. एक आजोबा मला म्हणाले, "आमच्या नातवाचंच पत्र आलं असं वाटलं." आईजवळ मला महिनाभर राहता आलं. हे ऋण मी मनात जपून ठेवलं आहे.

आता मायाविषयी. बापाकडून मुलीची परीक्षा नीट होत नाही, असं म्हणून त्यांनी तिला दुसऱ्या गाइडच्या हाताखाली उमेदवारीला ठेवलं. ती परवाना मिळवून आली, तरी 'तू तयार आहेस' हे शब्द त्यांनी काढले नाहीत. तिला ते लागायचं. "मेधाताई, बाबा मला ओके कधी म्हणणार?" असं ती मला अर्ध्या मराठीत, अर्ध्या जपानीत विचारायची.

यंदा हंगामाआधी यामातेच्या चढावर वामनराव मला म्हणाले, "डोळ्यांचं ऑपरेशन छान झालंय. पण तिन्हीसांजेला झुडपात फांदी कुठली आणि शिंग कुठलं, हे ठरवायला एक क्षण जास्त लागतो. तेवढ्यात माणूस जातो. यंदा गाइड माया." एवढं आवडतं काम त्यांना कुणी सोडायला लावलेलं नव्हतं.

तळावर तिसऱ्याच दिवशी एका पाहुण्याचा नेम चुकला आणि जखमी रेडा दाट झुडपात शिरला. त्याच्या मागे गाइडनेच जायचं, हा या धंद्याचा कडक नियम. मायाने सवयीने बाबांकडे पाहिलं. जुमानेही पाहिलं. वामनराव जीपमध्ये माझ्या शेजारी बसले होते, मांडीवर त्यांची बंदूक. त्यांनी तिच्यातल्या गोळ्या एकेक करून काढल्या, माझ्या ओंजळीत टाकल्या आणि माझी मूठ मिटवली. "मी मागितल्या तरी देऊ नका," म्हणाले. माया जुमाला घेऊन आत गेली.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. वामनरावांनी एकदा माझ्याकडे हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. मग एक आवाज झाला, लगेच दुसरा आणि नंतर झुडपातून मायाची हाक आली, "बाबाऽ! गाडी आणा!"

वामनराव रडले. पाहुण्यांसमोर, ड्रायव्हरसमोर, अगदी मोकळेपणी रडले. मग डोळे पुसून खाली उतरले आणि काट्यांनी ओरबाडलेल्या लेकीसमोर जाऊन उभे राहिले. पाहुणे गाइडला विचारतात त्याच अदबीने त्यांनी विचारलं, "गाइडसाहेब, उद्या किती वाजता निघायचं?"

मायाने बाहीत अडकलेला काटा उपटला. मग ती म्हणाली, "साडेचार. आणि बाबा, उशीर चालणार नाही."

वामनराव, आपणांस उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. हारुकोकाकूंच्या हातचा चहा घेऊन आपण अजून पुष्कळ हंगाम त्या जीपमध्ये बसावं, आणि पहाटे साडेचारला आपल्या गाइडने दरवेळी आपल्याला दटावून उठवावं, एवढंच आम्हा सर्वांचं मागणं आहे.