प्रयागला निघण्याआधीचे तीन दिवस

भोर संस्थानात कारकून असताना, एका पौषात मी बायको-मुलांसह प्रयागला धाकट्या भावाकडे जायचे ठरवले. देवधर्म डोक्यात नव्हता. आठ दिवस निवांत राहायचे होते. बाजारात ही बातमी पसरली आणि पासली गावाकडचा एक शेतकरी रोज दाराशी येऊ लागला. ओट्यावर बस म्हटले तरी बसत नसे. काखेतले गाठोडे सावरत विचारी, "निगायचं कवा, भाऊसाहेब? पेटीला कुलूप हाय न्हवं? गाडीत पेटीजवळ कोन बसनार?"

मी दाराला दुसरे कुलूप आणले. तिसऱ्या दिवशी त्याला दरडावले, "गाठोड्यात काय आहे? सोड."

त्याने गाठ सोडली. आत लहानसे मडके होते.

"मालकिनीच्या अस्ती हायती. दिवाळीपासनं झाडाला टांगल्यात. गंगंत सोडाल का? माजं तितवर जानं व्हायचं न्हाई."

मी होकार दिला आणि विधीसाठी त्याच्या बायकोचे नाव विचारले. तो रस्त्याकडे पाहत राहिला. मुंडासे नीट केले. मग माझ्या कानाशी वाकला.

"लगीन झाल्यापासनं कदी घेतलं न्हाई," तो म्हणाला, आणि त्याने नाव सांगितले.

मला ते नीट ऐकू आले होते. तरी त्याने ते आणखी दोनदा घेतले.