लेम्पीचं अर्धं मत

लेम्पी कर्वोनेन शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली, पण पक्षाच्या गावशाखेचं चिटणीसपद एकतीस वर्षं झाली तरी कुणी तिच्याकडून घेईना. मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराकाठच्या त्या जुन्या खाणवस्तीत पक्ष म्हणजे चर्चच्या तळघरात कॉफी, वेलदोड्याचा पाव आणि अकरा म्हातारे.

त्या वर्षी राज्याला घाई झाली. अध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना दरवेळी पहिला मान दुसऱ्याच राज्यांना का, म्हणून मिशिगनने पक्षाचं मतदान ओढून जानेवारीत आणलं. ते नियमात बसत नव्हतं. पक्षाच्या वरच्यांनी शिक्षा ठोठावली: उमेदवार ठरवणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनात मिशिगनच्या एकाही प्रतिनिधीचं मत धरणार नाही. काही उमेदवारांनी तर मतपत्रिकेवरून नावंच काढून घेतली.

आणि लेम्पीने दारोदार जाऊन सांगायचं काय, तर मत द्यायला या.

शेजारचा आर्वो चौऱ्याऐंशीचा, खाणीतून निवृत्त झालेला. त्याने दार अर्धवटच उघडलं.

"माझ्या माणसाचं नावच नाही म्हणतेस. मग खूण कुणापुढे करू, तुझ्यापुढे?"

"'कुणालाच बांधील नाही' असा रकाना आहे. तिथे करा."

"मोजतील?"

"मोजतील की."

"आणि धरतील?"

लेम्पीने बुटांवरचा बर्फ झटकला. "ते मला नका विचारू. सव्वानऊला गाडी आणते. बूट घालून बसा."

तो आला. गुडघाभर बर्फातून तिचा दंड धरून मतदान केंद्रात गेला आणि बाहेर येताना टेबलापाशी बसलेल्या बाईंना मोठ्याने म्हणाला, "एवढ्या थंडीत येऊन मी कुणालाच मत दिलेलं नाही, लिहून घ्या!"

वसंतात जिल्ह्याच्या सभेने लेम्पीला अधिवेशनाची प्रतिनिधी निवडलं. ऐन तिशीपासून तिला हे हवं होतं. टाळ्या पडल्या, पण जरा लाजतच. बिनमताचा प्रतिनिधी म्हणजे नुसता पाहुणाच.

मेअखेरीस पक्षाची नियमसमिती देशाच्या राजधानीत दिवसभर बसली. लेम्पी आणि आर्वो टीव्हीसमोर बसले. संध्याकाळी निकाल लागला: मिशिगनच्या प्रतिनिधींना अधिवेशनात पुन्हा जागा, मात्र प्रत्येकाला अर्धंच मत.

"पोरी," आर्वो म्हणाला, "मग तू कमरेच्या वरची जाणार की खालची?"

लेम्पी हसली. मग उठून भांडी घासायला लागली. ती घासलेलीच होती.

त्यानंतर फोन सुरू झाले. कुणाला 'कुणालाच बांधील नाही' म्हणणाऱ्यांची मतं समितीने नाव काढून घेतलेल्या एका उमेदवाराच्या पदरात घातल्याचा राग, कुणाला शिक्षा कमी केल्याचा. तळघरातल्या दोन जुन्या मैत्रिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या; दोघींनीही लेम्पीलाच विचारलं, "तू कुणाकडून?" तिने प्रत्येकीला नियम वाचून दाखवला. तोच नियम, तीच ओळ, वीसेक वेळा. जुलैत तिने पत्र टाकलं: माझ्याऐवजी राखीव यादीतली कोलीन जाईल. का, म्हणून कुणी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये, अधिवेशन तोंडावर आलं असताना, कोलीनचा फोन आला. ती शाळेत शिकवायची, भराभर बोलायची.

"मिसेस कर्वोनेन, ऐकलंत का? सगळ्यांना पूर्ण मत दिलं! जागा तुमचीच आहे. मी मागे सरते."

"तुझं सामान बांधून झालं?"

"झालंय, पण..."

"मग जा. मी अर्धी आहे की पूर्ण, हे ते आठ महिने ठरवतायत. मला आता ऐकायचंच नाही."

फोन ठेवल्यावर आता रडू येईल म्हणून ती थांबून राहिली. ते आलं नाही, आणि तिला त्याचीच जरा भीती वाटली.

आर्वोने ऐकलं आणि तो भडकला. "वेडी आहेस का? जन्मभर ह्याच्यासाठी घसा कोरडा केलास!"

"हो ना," लेम्पी म्हणाली. "म्हणूनच पाणी पिते आता."

सप्टेंबरच्या बैठकीत तिने मतदारयादी आणि शाखेच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. सगळे आपापल्या कपात बघत राहिले. शेवटी कोलीननेच हात वर केला.

घरी आल्यावर लेम्पीने बूट काढले, पाय खुर्चीवर ठेवले आणि डोळे मिटले. फोन वाजला. तिने तो वाजू दिला.