मागं बसून पाहणारी

नारायणगावला जुन्या मोठ्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे मी घरच्यांसाठी गाडी बघायला गेलो होतो. तिथं डिंगोऱ्याकडची एक पन्नाशीची बाई भेटली. नाव विचारायचं राहूनच गेलं. मी स्टिअरिंगवर हात फिरवत होतो. ती मात्र प्रत्येक गाडीत मागं चढून बसायची, पाय लांब करून बघायची आणि पदर आवरत उतरायची.

"पुढं बसून समद्याच गाड्या चांगल्या वाटत्यात, भाऊ," ती मला म्हणाली.

मी तोवर एकाही गाडीत मागं बसलो नव्हतो.

तिच्या सासूचे गुडघे वाकेनासे झाले होते. वस्तीवरच्या दगडी चढावर भाड्याची गाडी कुणी आणत नसे, त्यामुळे म्हातारी घरातच अडकली होती. म्हणून गाडी आधी त्याच चढावर चालवून दाखवा, असा तिचा हट्ट होता.

"मावशी, ट्रायल फक्त हायवेला," विक्रेता म्हणाला.

"मंग मी हितंच बसते," म्हणत तिनं सीटबेल्ट लावला.

शेवटी तिच्या वस्तीकडे दोन गाड्या निघाल्या. एक विक्रेत्यानं चालवायला घेतली, तिला मागं बसवून; दुसरी मी. चढावर त्याच्या गाडीची चाकं जागीच फिरू लागली. ती उतरली आणि माझ्या गाडीत येऊन बसली.

"आता ही चढवा."

ही चढली. मागून चालत आलेल्या विक्रेत्याला तिनं आधी विचारलं, "बिघडली तर सामान जुन्नरात मिळतं का?" तो हो म्हणाल्यावरच तिनं सासूला धरून आणलं आणि मागं बसवलं.

म्हातारीनं विचारलं, "कुठं जायाचं गं?"

"ते तुमी सांगायचं, आत्याबाई."