खुर्चीताई बसल्या

खुर्चीताईंना चारचौघांत खुर्चीवर बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. आणि खुर्च्या तर त्यांच्याकडे अकराशे होत्या, सगळ्या लोखंडी, घडीच्या. प्रत्येकीच्या पाठीवर त्यांनी स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. शहरात कुठेही लग्न असो, व्याख्यान असो, शोकसभा असो की निवडणुकीची सभा, टेम्पो यांच्याच शेडमधून निघायचा. पण बाबांनी धंदा हातात देताना एक गोष्ट बजावून सांगितली होती. भाड्याने दिलेल्या खुर्चीवर मालकाने बसायचं नाही. बसला की तो पाहुणा झाला, आणि पाहुण्याचं लक्ष ताटावर असतं, खुर्च्यांवर नसतं. म्हणून कार्यक्रम तीन तासांचा असला तरी ताई मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभ्या. गुडघे कुरकुरायला लागले तरी उभ्याच.

देवाशी त्यांचं फार लवकर फाटलं. लहानपणापासून त्यांनी सगळ्या धर्मांच्या दारात खुर्च्या वाहिल्या होत्या आणि प्रत्येक ठिकाणी बाकीचे सगळे कसे चुकीचे आहेत ते कान देऊन ऐकलं होतं. त्या म्हणायच्या, "मला सगळ्यांचंच पटलं."

एकोणीस वर्षांपूर्वी कॉलेजातले एक प्राध्यापक बारा खुर्च्या मागायला आले. कशासाठी, असं विचारल्यावर त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग आवाज खाली आणून सांगितलं की देव न मानणाऱ्यांची बैठक आहे. चोरीचा माल विकायला आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. बैठकीला तिघं आले. प्राध्यापक उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "देवाच्या दयेने निदान तिघं तरी आलो." भिंतीपाशी उभ्या असलेल्या ताई अशा काही हसल्या की उरलेल्या दोघांनाही हसू आवरेना. त्या दिवसापासून मंडळाचे सभासद चार झाले.

बाराच्या चाळीस झाल्या, चाळिसाच्या तीनशे. मंडळ कसं वाढलं हे प्राध्यापक वार्षिक अहवालात पानं भरून लिहायचे. ताई टेम्पोच्या फेऱ्या सांगायच्या. एकदा मैदानावरच्या सभेत दगड आले. माणसं बचावली, पण सत्तावीस खुर्च्यांच्या पाठी चेमटल्या. ताईंनी त्या हातोडीने ठोकून सरळ केल्या आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच मैदानावर, त्याच जागी नेऊन मांडल्या. सभा ठरलेलीही नव्हती. लोक आले, बसले, थोडा वेळ गप्पा मारून गेले. मंडळाची सगळ्यांत गाजलेली सभा ती हीच.

आता घरचं सांगायला हवं. शेडच्या वर दोन खोल्या. तिथे ताई आणि नर्सबाई राहायच्या. ताईंच्या बाबांचं दुखणं लांबलं तेव्हा नर्सबाई ड्रेसिंग करायला यायच्या. बाबा गेले, नर्सबाई राहिल्या. या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. शेजारी त्यांना ताईंची मैत्रीण म्हणायचे, नातेवाईक "त्या दोघी" म्हणून विषय बदलायचे आणि सरकारी कागदावर नर्सबाई भाडेकरू होत्या. अठ्ठावीस वर्षं एकमेकींची आजारपणं काढलेली, एकमेकींच्या घोरण्यावरून भांडलेली, आणि कागदावर काय, तर भाडेकरू. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती इथे.

गंमत अशी की नर्सबाई देव मानायच्या, आणि अगदी मनापासून. प्रार्थनाघरात आठवड्याच्या प्रार्थनेला डावीकडच्या तिसऱ्या बाकावर त्यांची जागा तीस वर्षं ठरलेली. घरात जेवणाआधी त्या डोळे मिटायच्या आणि ताई हातात चमचा धरून थांबायच्या. "झालं का बोलून? गार होतंय," एवढंच म्हणायच्या, पण आधी घास घ्यायच्या नाहीत. दोघींचा या बाबतीतला तह एवढाच होता.

मग सरकारने जाहीर केलं, की दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना कायद्याने लग्न करता यावं की नाही, यावर नगरभवनात जनसुनावणी होणार. ताईंनी त्याच दिवशी बसून चार पानं लिहिली. आयुष्यात पत्राखेरीज काही न लिहिलेली बाई, पण एका बैठकीत चार पानं. ती वाचायला उभं राहायचं आणि अठ्ठावीस वर्षांचं भाडेकरूपण एकदाचं फेडायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पण दोन्हीकडून आडकाठी. मंडळाच्या बैठकीत प्राध्यापक म्हणाले, की लग्न हे मुळात धर्माने घातलेलं जोखड. आपण नास्तिकांनी ते मागायला सरकारच्या दारात का जावं? मतदान झालं. नऊ विरुद्ध चार. मंडळाच्या नावाने कुणीही बोलू नये, असा ठराव झाला. देव न मानणाऱ्यांनाही सोवळं सुटत नाही ते असं. ताई भिंतीपासून दोन पावलं पुढे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "प्राध्यापक, तुमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. खुर्च्या माझ्याच होत्या. तुमचं जोखड आधी उतरवून ठेवा, मग मला शिकवा."

घरचं एवढं सोपं नव्हतं. नर्सबाईंनी चारही पानं वाचली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"तू बोललीस की माझं बाक गेलं."

"बाकच ना?"

"तीस वर्षं तिथे बसतेय मी. माझी आई गेली तेव्हा त्याच बाकावर रडले. तुझं मंडळ आहे, टेम्पो आहे, भांडायला अख्खं शहर आहे. माझं तेवढंच आहे."

ताईंच्या तोंडून मग जाऊ नये ते गेलं. बाक जड की मी, असं त्यांनी विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, "हे विचारायचं नसतं," आणि आत गेल्या. दोन दिवस घरात भांडी तेवढी वाजत होती.

सुनावणीसाठी नगरभवनाने दोनशे खुर्च्या मागवल्या, अर्थात ताईंच्याच. नियम दारावर चिकटवला होता. खुर्चीच्या पाठीवरचा नंबर हाच बोलण्याचा नंबर. सभागृहात उभं राहायला परवानगी नाही, आणि आपला नंबर आल्यावर बोलायला उठणं सोडून जो जागेवरून उठेल त्याचा नंबर रद्द. हा शेवटचा नियम नर्सबाईंच्या प्रार्थनाघराच्या उपदेशकांनी, त्यांचा या कायद्याला विरोध, अर्ज देऊन घालून घेतला होता, म्हणजे समोरच्या गटाने आपसांत जागा बदलू नयेत.

सकाळी सातला उपदेशकांच्या माणसांच्या बस आल्या. नऊच्या आत दोनशेच्या दोनशे खुर्च्या भरल्या. बाहेर पायऱ्यांवर ताईंच्या बाजूचे तीनशे लोक फलक घेऊन उन्हात उभे. प्राध्यापकही आले होते, ठराव खिशात घालून, पण आले होते. ताईंना खुर्च्यांची मालकीण म्हणून आत सोडलं. भिंतीपाशी त्या उभ्या राहिल्या. खिशात चार पानं होती, पण खुर्ची नाही म्हणजे नंबर नाही. आपल्याच दोनशे खुर्च्यांसमोर आपल्यालाच तोंड उघडायची सोय नाही, म्हणून त्या दातओठ खात होत्या, तेवढ्यात त्यांना एकेचाळीस नंबरची खुर्ची दिसली. तिच्यावर नर्सबाई बसल्या होत्या, आपल्या बाकावरच्या मंडळींबरोबर, मांडीवर पर्स घेऊन. राग येईल असं त्यांना वाटलं होतं, पण नुसतं रडू येत होतं.

चाळीस जण बोलले. घरं मोडतील, मुलं बिघडतील, जग बुडेल. चाळिसाव्या वेळी जग बुडालं तेव्हा सुनावणी घेणाऱ्या अधिकारीणबाईंनी जांभई दाबली आणि पुढचा नंबर पुकारला.

नर्सबाई उठल्या. पर्स खुर्चीवर ठेवली. इंजेक्शन देताना पेशंटशी बोलावं तशा सरळ आवाजात बोलल्या.

"मी देव मानते. हे सगळे मला तीस वर्षं ओळखतात, यांना विचारा. आणि अठ्ठावीस वर्षं मी एका बाईबरोबर संसार केलाय. ती देव मानत नाही. ती तिथे भिंतीपाशी उभी आहे. रोज प्रार्थना करते मी, देवाने एकदाही हटकलं नाही. मग तुम्ही कोण?"

एवढं बोलून त्या खाली बसल्या.

मग उपदेशक उठले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. इथे एक क्षणही थांबणं पाप आहे, असं म्हणून ते तरातरा दाराकडे निघाले. त्यांच्या मागे पहिली रांग उठली, मग दुसरी, मग सगळ्याच. शिस्तीची माणसं ती; वर्षानुवर्षं उपदेशक उठले की उठायचं, एवढंच त्यांना ठाऊक. दारापाशी पोचल्यावर उपदेशकांच्या लक्षात आलं असावं, कारण ते थबकले. पण अधिकारीणबाईंनी चष्मा चढवून नियम वाचायला घेतला होता. एकशे नव्याण्णव नंबर रद्द झाले होते. नियम कुणी मागितला होता, तेही त्यांनी वाचून दाखवलं. तेवढं वाचायची काही गरज नव्हती, पण त्यांनी वाचलं.

दारं उघडली आणि पायऱ्यांवरचं ऊन आत आल्यासारखे लोक आत घुसले. रिकाम्या सभागृहात एकेचाळीस नंबरवर नर्सबाई एकट्याच बसून राहिल्या होत्या. ताई भिंत सोडून निघाल्या, खुर्च्यांच्या मधून वाट काढत आल्या आणि बेचाळीस नंबरवर बसल्या. खुर्ची कुरकुरली. ताईंनी नर्सबाईंचा हात घट्ट धरला, आणि या वेळी चारचौघांत असूनही तो सोडायची घाई केली नाही.

अधिकारीणबाईंनी बेचाळीस नंबर पुकारला आणि कोणत्या संस्थेतर्फे, असं विचारलं. मागच्या रांगेतून प्राध्यापकांचा आवाज आला, "मंडळातर्फे म्हणा, ताई." ठराव त्यांनी कधी फिरवला, कुणास ठाऊक.

"नाही," ताई म्हणाल्या. "घरातर्फे."

चार पानं त्यांनी काढलीच नाहीत. सांगायचं ते नर्सबाईंनी सांगितलं होतं. त्यांनी त्याखाली सही केल्यासारखी दोन वाक्यं जोडली आणि बसल्या. त्यानंतर संध्याकाळपर्यंत एकशे अठ्ठावन्न जण बोलले.

कायदा काही दुसऱ्या दिवशी झाला नाही. सरकारचे कागद आपल्या चालीने चालतात. प्रार्थनाघराचा कागद मात्र तिसऱ्या दिवशी आला. सभासदांच्या यादीतून नर्सबाईंचं नाव कमी केलं आहे आणि तिसऱ्या बाकावरची जागा दुसऱ्या कुटुंबाला दिली आहे. शहरातल्या बाकीच्या प्रार्थनाघरांनीही खुर्च्या दुसरीकडून मागवायचं ठरवलं. ताईंनी त्याची फिकीर केली नाही. पण प्रार्थनेच्या दिवशी सकाळी नर्सबाई सवयीने तयार झाल्या, केस नीट केले, चप्पल घातली आणि मग टेबलापाशी येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या.

"मी आता कुठे बसू गं?" त्या म्हणाल्या.

ताई उठल्या. खाली शेडमध्ये गेल्या, एक खुर्ची काढली, फडक्याने पुसली आणि खांद्यावर घेतली. दोघी रस्त्याने निघाल्या. प्रार्थनाघरात ताई शेकडो वेळा गेल्या होत्या, पण नेहमी मागच्या दाराने, टेम्पोतून खुर्च्या उतरवायला. आज त्या पुढच्या दाराने शिरल्या. प्रार्थना सुरू झाली होती. माना वळल्या, पुटपुटणं थांबलं. ताई सरळ तिसऱ्या बाकापर्यंत गेल्या आणि शेजारच्या मोकळ्या वाटेत खुर्ची खाडकन उघडून ठेवली. नर्सबाई तिच्यावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

दारावरचा माणूस धावत आला. वर्षानुवर्षांची ओळख, त्यामुळे त्याला ओरडताही येईना. तो कसाबसा म्हणाला, "ताई, आज आम्ही खुर्च्या मागवल्या नव्हत्या."

"ही भाड्याची नाही," ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ही माझ्या बायकोची आहे."