लिफ्ट आणि आमची गौर

भांडुपच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. इतकी वर्षं ही तक्रार फक्त पाहुण्यांची होती. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, डावा पाय ओढत चालायची पाळी आली, तेव्हा ती आमची झाली. डॉक्टरकडे न्यायचं तर शेजाऱ्यांना गोळा करून खुर्चीसकट उचलायचं. एरवी बाजारात जाऊन, कोळणीशी हुज्जत घालून बांगडे निवडून आणणारा माणूस, आता खिडकीत बसून जिन्यावर कोण चढतंय ते ओळखत बसायचा. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून मी मुलुंड पूर्वेला भाड्याचं घर शोधायला लागले. लिफ्ट हवी आणि खाली बसायला बाग. मरोळचं ऑफिस सुटलं की ब्रोकर, रविवारी पुन्हा ब्रोकर. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं होतं. फोन वाजला की ताटावरून उठायचे, नाही वाजला तर चालू आहे ना म्हणून उचलून बघायचे. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ताटाचाच. "फॅमिली व्हेज आहे ना, मॅडम?" मी नाही म्हणायचे. मग "बघतो, कळवतो," आणि कोणी कळवायचं नाही. आपण घर मागतोय की मुलगी, असं व्हायचं.

एक ब्रोकर मात्र पुन्हा पुन्हा फोन करायचा. तो एकदा वैतागून म्हणाला, "मॅडम, कशाला इतकं खरं बोलता यार? नाही खात म्हणा ना, विषय संपला."

हे मी घरी सांगितलं. वडील खिडकीतूनच म्हणाले, "मी मासे सोडतंय. बाजारात जावन बघूक तरी गावतले." आणि हसले. आम्हाला कोणालाच हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारात जायच्या, माळ्यावर ठेवलेल्या चामडी चपला काढायला लावल्या, पुसल्या आणि दारात ठेवल्या.

श्रावणात त्या ब्रोकरने एक फ्लॅट दाखवला. आईला घेऊन गेले. लिफ्ट इतकी मोठी की खुर्ची सहज मावेल. आई उगाच तिच्यातून एकदा वरखाली करून आली. खिडकीखाली बाग, बाकांवर वडिलांच्या वयाची माणसं. मला वाटलं, झालं काम. मालकीणबाई भल्या होत्या. चहा दिला, वडिलांच्या पायाची चौकशी केली, मग हळूच आईला विचारलं, "तुम्ही नॉनव्हेज खाता का?"

आईला मी रिक्षात दहादा बजावलं होतं, नाही म्हण आणि गप्प बस. आई ठसक्यात म्हणाली, "छे हो! श्रावण आहे ना."

ब्रोकरने छताकडे बघितलं.

"आणि श्रावणानंतर?"

"नंतर गणपती. तेव्हा तर कांदा-लसूणसुद्धा नाही. फक्त गौरीच्या दिवशी. माहेरवाशीण ती, तिला कोंबडी-वड्यांचा नैवेद्य लागतो. पण गणपतीला दिसू नये म्हणून आम्ही मधे पडदा लावतो. आमच्यात सगळं अगदी कडक असतं हो!"

आईचा चेहरा अभिमानाने फुलला होता. बाईंनी तिचा चहा संपेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाल्या, "माणसं चांगली आहात तुम्ही. पण आमच्या सोसायटीत चालत नाही."

रिक्षात मी आईवर भडकले. "वाट लावलीस गं!" ती म्हणाली, "मी देवाचं सांगितलं. देवाचं ऐकूनसुद्धा नको म्हणतात?" तिला खरंच कळत नव्हतं, आणि त्यामुळे माझा राग आणखीच वाढला. कोणावर काढायचा तेही समजेना.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पडदो लावलो काय गणपतीक चलता. ह्यांका नाय चलणा?" मी चपला उचलून माळ्यावर ठेवायला निघाले, तर म्हणाले, "ऱ्हवांदे थंयच."

गौरीच्या दिवशी घरात वड्यांचा घमघमाट सुटला होता. आईने जुन्या साडीचा पडदा ओढून घेतला आणि कोंबडीचं झाकलेलं ताट गौरीपुढे मांडलं. वडील पाटावर बसू शकत नाहीत, म्हणून खुर्चीतूनच हात जोडून होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. तोच ब्रोकर. मुलुंडलाच एक फ्लॅट रिकामा होतोय, लिफ्ट आहे, तळमजल्यावर रॅम्पसुद्धा. मालक शेजारीच बसलेत, हो की नाही आत्ता सांगा. "व्हेज ना, मॅडम?"

गॅलरीत जायला हवं होतं, पण वाटेत नैवेद्य मांडलेला. मी गणपतीच्या बाजूला, पडद्याला पाठ टेकून उभी राहिले. दारात वडिलांच्या चपला होत्या, अजून पुसलेल्या. आई पडद्याच्या अलीकडे येऊन माझ्याकडेच बघत होती.

"हो," मी म्हणाले. "प्युअर व्हेज."

पडद्याच्या कडेतून दिसलं, पलीकडे वडील खुर्चीतून वाकून ताटावरचं झाकण काढत होते, ते थांबले. मग माझा फोन संपेपर्यंत त्यांनी झाकण तसंच हातात धरून ठेवलं.